नऊने भाग जाणारा फरक

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

डिजिटल चलनामुळे बँका इतिहासजमा होणार, असं सांगणारा लेख आपल्या अंकात वाचला. त्यावर आलेलं, ‘हा सगळा सट्टा आहे, चार दिवसांत विरेल’ असं म्हणणारं पत्रही वाचलं. भांडत असले तरी एका बाबतीत दोघांचं एकमत दिसलं: बँक म्हणजे पैसे ठेवायची जागा. मी ३४ वर्षं बँकेत काढली, आधी काउंटरवर आणि नंतर बराच काळ कर्ज विभागात. त्यामुळे राहवलं नाही. पत्र लांबलं तर कात्री तुमच्या हातात आहेच.

मी नोकरीला लागले तेव्हा लेजरं हाताने लिहायची. संध्याकाळी टॅली लागल्याशिवाय, म्हणजे नावे आणि जमा जुळल्याशिवाय, कुणी घरी जायला उठत नसे. फरक निघाला की आमचे हेडक्लार्क तो आधी नऊने भागून बघायचे. निःशेष भाग गेला तर कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केलेली असणार. ८२१ च्या जागी २८१ लिहिलं की फरक ५४० चा, आणि ५४० ला नऊने भाग जातो. (कुठल्याही दोन अंकांची अदलाबदल करा, फरकाला नऊने भाग जातोच. करून बघा.) मग प्रत्येकाने आपापल्या व्हाउचरांच्या गठ्ठ्यात उलटे आकडे शोधायचे. बहुतेक वेळा चहा गार व्हायच्या आत चोर सापडे.

पण एकदा मी एकाची रक्कम दुसऱ्याच्याच खात्यात जमा केली. खातेक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे उलटे वाचले होते. त्या संध्याकाळी टॅली पहिल्या फटक्यात लागली आणि मी खुशीत घरी गेले. टॅलीला काय, नावेची बेरीज जमेच्या बेरजेला मिळाली की तिचं काम झालं. जमा कुणाची हे तिला कळत नाही. चार दिवसांनी खातेदार पासबुक घेऊन काउंटरवर उभा राहिला तेव्हा माझी चूक माझ्यासमोर आली. दोन व्हाउचरं, दोन सह्या, एक उलट नोंद. अर्ध्या तासात प्रकरण मिटलं. हेडक्लार्क एवढंच म्हणाले, ‘‘बाई, टॅली लागली म्हणजे हिशेब बरोबर असं नसतं.’’

हे सगळं आठवायचं कारण बिटकॉइन. ३१ ऑक्टोबर २००८ ला सातोशी नाकामोतो या नावाने या डिजिटल चलनाचा, म्हणजे बँकेशिवाय चालणाऱ्या एका उघड हिशेबवहीचा, नऊ पानांचा मसुदा इंटरनेटवर आला. पुढच्या ३ जानेवारीला त्या हिशेबवहीचं पहिलं पान पडलं आणि त्यात लंडनच्या ‘द टाइम्स’मधला त्या दिवसाचा मथळा कोरलेला होता: बँकांना दुसऱ्यांदा वाचवण्याच्या बेतात असलेल्या अर्थमंत्र्यांबद्दलचा. टोमणा कुणाला होता हे वेगळं सांगायला नको. मी वही लिहिण्यातच आयुष्य घालवलेली बाई असल्यामुळे या वहीचं मला मनापासून कौतुक आहे. आमची टॅली दिवसातून एकदा लागायची, हिची साधारण दर दहा मिनिटांनी लागते. तीही एकमेकांना न ओळखणाऱ्या हजारो संगणकांवर, हेडक्लार्कशिवाय. एकच नाणं दोघांना देता येत नाही. मागचं पान फाडून नवं चिकटवता येत नाही. एकूण नाणी किती निघणार, तर २ कोटी १० लाखांच्या वर नाहीत, हे आधीच ठरलेलं. कुठल्याही शाखेत अशी वही मी पाहिलेली नाही.

माझ्या भाच्याने ही वही माझ्यापेक्षा दहा वर्षं आधी ओळखली. तो बिटकॉइनच्या वाटेला जास्त गेला नाही, भाव वरखाली होतो म्हणून. त्याने अशाच दुसऱ्या वहीवर चालणारं, डॉलरशी बांधलेलं नाणं घेतलं, ज्याला स्टेबलकॉइन म्हणतात. बाहेरदेशीच्या कामाचे पैसे तो त्यातच घेई. एक दिवस त्याने साठलेली रक्कम आपल्याच दुसऱ्या वॉलेटमध्ये हलवायला घेतली. वॉलेटचा पत्ता, म्हणजे त्याचा खातेक्रमांकच म्हणा, ४२ अक्षरांचा. तो कुणी हाताने लिहीत नाही, जुन्या व्यवहारांच्या यादीतून उचलतात. त्याने उचलला, पहिली सहा अक्षरं जुळवली, शेवटची चार जुळवली आणि पाठवलं. मधली बत्तीस वेगळी होती. भामटे काय करतात, तर तुमच्या पत्त्याशी सुरुवात आणि शेवट जुळणारा पत्ता संगणकाकडून पैदा करून घेतात आणि तुमच्या वॉलेटशी किरकोळ रकमेचा व्यवहार करून ठेवतात, म्हणजे तो पत्ता तुमच्या यादीत येऊन बसतो. मग वाट बघायची. कधी ना कधी माणूस घाईत असतोच.

तो रात्री माझ्याकडे आला, लॅपटॉप उघडून बसला आणि म्हणाला, ‘‘मावशी, हे बघ, पैसे इथे आहेत. दिसतायत.’’ खरंच दिसत होते. तारीख, वेळ, रक्कम, कुठून कुठे, सगळं जगाला दिसेल असं उघड. टॅली लागलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर तीच रक्कम चार तुकडे होऊन चार दिशांना गेलेली, तेही तितकंच स्वच्छ दिसत होतं. मला त्याने एकच प्रश्न विचारला, ‘‘फोन कुणाला करायचा?’’ चौतीस वर्षांत लोकांनी मला फोनवर काय काय ऐकवलंय! पण फोन करायला कुणीतरी असणं हा आपल्या धंद्याचा भाग आहे, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गंमत म्हणजे, अशी नाणी काढणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे एखादा पत्ता गोठवायचा अधिकार असतो आणि पोलिसांच्या सांगण्यावरून त्या तो वापरतातही. म्हणजे मॅनेजर तिथेही आहे. फक्त त्याची केबिन कुठे आहे ते भाच्याला सापडेपर्यंत पैसे पुढे गेले होते.

आता ‘पैसे ठेवायची जागा’ या समजुतीकडे येते. लोकांना वाटतं, बँक एकाची ठेव घेते आणि तीच दुसऱ्याला कर्जाऊ देते. मलाही पहिली काही वर्षं तसंच वाटायचं. कर्ज विभागात गेल्यावर नोंद स्वतः टाकली तेव्हा डोळे उघडले. कर्ज मंजूर झालं की नोंद अशी पडते: कर्ज खात्याला नावे, कर्जदाराच्या चालू खात्याला जमा. बस्स. तिजोरीतली एक नोट हलत नाही, दुसऱ्या कुणाच्या खात्यातून काही कमी होत नाही. मघाशी नसलेली ठेव आता आहे. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये आपल्या त्रैमासिकात हे सरळ शब्दांत लिहून टाकलं, तेव्हा बऱ्याच शिकलेल्या लोकांना धक्का बसला. आम्हा व्हाउचर लिहिणाऱ्यांना नाही. अर्थात ही काही जादूची कांडी नव्हे. तो माणूस चेक फाडून पैसे दुसऱ्या बँकेत नेतो तेव्हा तिथे खरी रक्कम पोचवावी लागते, भांडवल अडकून पडतं, आणि कर्ज बुडालं तर आधी बँकेचं स्वतःचं जातं. म्हणून तर कर्ज कुणाला द्यायचं हा प्रश्न एवढा मोठा.

एक जण यंत्र घ्यायला कर्ज मागायला आला होता. कागद अपुरे, तारण तोकडं. नियमाने बघितलं तर फाइल परत करायची. मी त्याचा तीन वर्षांचा खातेउतारा घेऊन बसले. मधल्या एका वर्षी त्याचं काम पार बसलेलं दिसत होतं, शिल्लक जवळजवळ शून्यावर. पण त्या सगळ्या महिन्यांत पाच तारखेच्या आत कामगारांच्या पगाराचे चेक गेलेले होते. एकही परत आला नव्हता. एका महिन्यात तर त्याने स्वतःच्या बचत खात्यातून पैसे आणून पगार केले होते. मी शिफारस लिहिली, साहेबांशी वाद घातला, कर्ज झालं. त्याने एकही हप्ता चुकवला नाही. (खोटं कशाला बोलू, त्याच वर्षी कागद चोख असलेल्या दुसऱ्या एकाला मीच शिफारस केली होती आणि ते खातं दीड वर्षात थकलं. त्याबद्दल मला लेखी खुलासा द्यावा लागला.)

डिजिटल चलनांच्या जगातही कर्जं मिळतात. भाच्याने मला तेही दाखवलं. अर्ज नाही, मुलाखत नाही, जामीनदार नाही, रात्री दोनलासुद्धा पाच मिनिटांत कर्ज. मी विचारलं, तारण किती? शंभरचं कर्ज हवं असेल तर बहुधा दीडशेची नाणी आधी ठेवायची. भाव पडून तारण ठरावीक रेषेच्या खाली आलं की प्रोग्रॅम विचारपूस न करता ती विकून टाकतो. मी म्हटलं, ‘‘अरे, ही बँक कुठे? हे गहाणवटीचं दुकान झालं.’’ गहाणवटीला मी नावं ठेवत नाही, तिची गरज असते. पण ज्याच्याकडे दीडशे आहेत त्याला शंभर देण्यात अवघड ते काय? माझ्या यंत्रवाल्याकडे दीडशे नव्हते. त्याच्याकडे दर महिन्याची ती न चुकलेली पाच तारीख होती, आणि ती वाचायला प्रोग्रॅम बसवता येणारच नाही असंही मी म्हणत नाही. आजवर मला तरी कुणी दाखवला नाही, आणि दाखवला तरी कर्ज बुडाल्यावर लेखी खुलासा कोण देणार, हे विचारीन.

मग बँकांना काहीच धोका नाही का? आहे, आणि तो माझ्या जुन्या सहकाऱ्यांना वाटतो त्यापेक्षा जवळ आहे. आपल्या लेखकांनी मात्र तो भलत्याच ठिकाणी शोधला. बिटकॉइनने दूध-भाजी घेता येईल आणि मग बँका ओस पडतील, हे काही होत नाही. ती वही सेकंदाला सातच्या आसपास व्यवहार उरकते, तेवढ्यात कार्डांचं जाळं हजारो उरकतं. एल साल्वादोर या देशाने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन कायदेशीर चलन केलं आणि स्वीकारणं सक्तीचं केलं. जानेवारी २०२५ मध्ये नाणेनिधीच्या कर्जापायी ती सक्ती मागे घ्यावी लागली. लोकांनी ते फारसं वापरलंच नव्हतं. सरकारी डिजिटल चलनांचंही तूर्तास तसंच. बहामाने ऑक्टोबर २०२० मध्ये ‘सँड डॉलर’ आणला, नायजेरियाने वर्षभराने ‘ई-नायरा’. वॉलेटं लाखांनी उघडली आणि बहुतेक नुसती पडून राहिली.

जिथे बँका खरोखर मार खातात ती जागा म्हणजे परदेशी पैसे पाठवणं, आणि तो मार आम्ही ओढवून घेतलाय. एका देशातल्या बँकेचं दुसऱ्या देशातल्या बँकेत नोस्ट्रो खातं असतं, नसलं तर मध्ये तिसरी बँक, कधी चौथी. प्रत्येक जण आपली दस्तुरी कापतो, प्रत्येकाची कटऑफ वेळ वेगळी, सुट्ट्या वेगळ्या. २०० डॉलर पाठवायला जगभरात सरासरी ६ टक्क्यांच्या वर खर्च येतो, असं जागतिक बँक सांगते. पैसे वाटेत असताना ते ज्यांच्याकडे असतात त्यांना ते बिनव्याजी वापरायला मिळतात. आमच्या भाषेत याला फ्लोट म्हणतात, आणि फ्लोटवर कमाई करणं यात कुणाला काही गैर वाटत नसे. मलाही वाटत नव्हतं. भाच्याचे तेच पैसे रविवारी रात्री काही मिनिटांत पोचत. इथे स्पर्धा झालीच पाहिजे.

पण माझी खरी चिंता ठेवींची आहे. बँकेचं पोट भरतं ते बचत आणि चालू खात्यांवर. असे हजारो छोटे खातेदार, ज्यांना व्याज नगण्य मिळतं आणि तरीही जे हलत नाहीत. कुणाचा पगार येतो, कुणाचं पेन्शन. एकाने काढले तर दुसऱ्याने भरलेले असतात. या स्थिर पैशाच्या जिवावर वीस-वीस वर्षांची कर्जं देता येतात. आता समजा या हजारांनी आपापले पैसे स्टेबलकॉइनमध्ये नेले. पैसा बँकांबाहेर नाहीसा होत नाही. तो नाणं काढणाऱ्या कंपनीच्या खात्यात येतो, तिथून सरकारी रोख्यांत जातो आणि रोखे विकणाऱ्याच्या खात्यातून पुन्हा कुठल्यातरी बँकेत. फरक हा की हजार खात्यांच्या जागी आता मूठभर भली मोठी खाती. ज्याने कधी बल्क ठेवी सांभाळल्यात त्याला विचारा, मोठा ठेवीदार म्हणजे काय असतो ते. पाव टक्का जास्त मिळाला की तो उठतो, आणि घाबरला तर पाव टक्काही बघत नाही.

मार्च २०२३ मध्ये याची झलक मिळाली. अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक. व्याजदर वाढल्यामुळे तिच्या रोख्यांची किंमत पडली होती आणि ठेवीदार बहुतेक मोठे, एकमेकांना ओळखणारे, ठेवींवरच्या विम्याच्या मर्यादेच्या कितीतरी वरचे. ९ मार्चला एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले. रांग लागली नाही, सगळं फोनवरून. १० तारखेला बँकेला कुलूप. मला इथे पुढचा भाग जास्त बोलका वाटतो. यूएसडीसी हे नावाजलेलं, सचोटीचं म्हणून ओळखलं जाणारं स्टेबलकॉइन. त्याचा भाव डॉलरला टिकावा म्हणून मागे ठेवलेल्या राखीव रकमेतले ३.३ अब्ज डॉलर याच बँकेत होते. शनिवारी ते नाणं ९० सेंटांच्याही खाली गेलं. सरकारने रविवारी सगळ्या ठेवींची हमी घेतली तेव्हा ते पुन्हा डॉलरला आलं. म्हणजे बँकांना आव्हान देणारं नाणं बँक बुडाली म्हणून घसरलं, आणि बँकेच्या ठेवीदारांना सरकारने हात दिला म्हणून सावरलं. (ज्याच्यामागे पुरेशी राखीव रक्कम नव्हती, मुख्यतः गणिती युक्ती होती, त्या टेरायूएसडीला आदल्या वर्षीच्या मे महिन्यात कुणी हात दिला नाही. ते गेलं ते गेलंच.)

नियम करणाऱ्यांना हे कळलंय, असं त्यांच्या हालचालींवरून दिसतं. अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने स्टेबलकॉइन काढणाऱ्याला धारकांना व्याज द्यायला बंदी केली. डिजिटल युरो आला तर एका माणसाने किती ठेवावे यावर मर्यादा घालण्याचं चाललंय आणि ३,००० युरोचा आकडा चर्चेत आहे. बँक ऑफ इंग्लंडने डिजिटल पौंडासाठी १०,००० ते २०,००० पौंडांची मर्यादा सुचवली होती. आपल्या लेखकांनी या आकड्यांकडे बघायला हवं होतं. जे चलन बँकांचं काहीच वाकडं करू शकत नाही त्याच्यावर व्याजबंदी आणि कमाल मर्यादा कुणी घालतं का? आणि पत्रलेखकांनीही बघायला हवं होतं. सट्टा आपोआप विरणार असता तर एवढी बांधबंदिस्ती लागली नसती.

एवढं म्हटल्यावर बँकांच्या बाजूने उभी राहते असं कुणाला वाटेल. तसं नाही. निवृत्तीनंतर मी काउंटरच्या या बाजूला आले आणि बँक काय चीज आहे ते कळलं. यजमान गेल्यावर त्यांच्या एका खात्यासाठी, जिथे मी रीतसर वारस म्हणून नोंदलेली होते, मला सात खेपा घालाव्या लागल्या. बँकेचं नाव लिहीत नाही. प्रत्येक वेळी नवा कागद, आणि तिसऱ्या खेपेला तर ज्या फॉर्मचा नमुना मीच एके काळी नव्या मुलांना शिकवला होता तो ‘चालत नाही’ म्हणून परत. पाचव्या खेपेला बाहेर येताना मनात आलं, भाच्याच्या वॉलेटला असते तशी बारा शब्दांची चावी असती, ज्याच्या हाती शब्द त्याच्या हाती पैसे, तर त्या रात्रीच हातात सगळं आलं असतं. किंवा यजमानांनी शब्द कुठे लिहिलेत ते मला माहीत नसतं आणि कधीच आलं नसतं. सात खेपांनी का होईना, आलं.

भाच्याने ते सगळं सोडलं असेल असं मला वाटलं होतं. नाही सोडलं. आता तो पत्त्याची बेचाळीसच्या बेचाळीस अक्षरं वाचतो, आधी किरकोळ रक्कम पाठवून बघतो, आणि मोठ्या रकमेच्या वॉलेटला त्याने तीनपैकी दोन चाव्या लागतील अशी सोय केलीय. आमच्या स्ट्राँगरूमलाही दोन किल्ल्या असायच्या, एक कॅशियरकडे, एक मॅनेजरकडे, हे मी त्याला सांगितलं तर त्याला खूप हसू आलं. तिसरी चावी कुठे ठेवायची यावर त्याने महिनाभर विचार केला. संगणकात नको, घरात नको, इंटरनेटवरच्या क्लाउडमध्ये तर नकोच. शेवटी गेल्या आठवड्यात तो एक बंद पाकीट घेऊन आला. आत कागदावर पेन्सिलने लिहिलेले बारा शब्द. म्हणाला, ‘‘मावशी, तुझ्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवशील?’’

ठेवलं. लॉकरच्या रजिस्टरवर सही केली, वेळ टाकली, आणि सवयीने वरच्या ओळीतली वेळही एकदा वाचून घेतली.

आपली,
एक निवृत्त बँक अधिकारी